जनावरांचे लाल मूत्र व कावीळ : रक्तरंजकाचे विघटन कसे होते

म्हैस व्याली, दोन-तीन आठवडे दूध चांगले दिले आणि एके सकाळी तिने कॉफीच्या रंगाचे मूत्र टाकले, हा प्रसंग पशुपालकांस अपरिचित नाही. घरातील मंडळींस प्रथम वाटते की मूत्रपिंडास इजा होऊन रक्त पडू लागले. कोणी उष्णता झाली म्हणून ताक पाजतो, कोणी पाला वाटून देतो. त्यात दोन-तीन दिवस निघून जातात. तोवर डोळ्याच्या आतील लाली मावळते, दूध आटते, चारा सुटतो, आणि पशुवैद्यक दारात येतो तेव्हा म्हैस उठण्याच्या अवस्थेत राहिलेली नसते. यांतील बऱ्याच जनावरांचे प्राण पहिल्या दिवशी उपचार मिळाल्यास वाचू शकतात. मात्र त्यासाठी मूत्रातील तो लाल रंग कोणता, तो कोठून आला व शरीर एरवी त्याची काय वासलात लावते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

रक्ताचा तांबडा रंग तांबड्या रक्तपेशींतील हीमोग्लोबिन या द्रव्याचा असतो. मराठीत यास रक्तरंजक म्हणतात. त्याचे दोन भाग आहेत. एक ग्लोबिन नावाचे प्रथिन, आणि दुसरा हीम. हीम म्हणजे कार्बन व नत्र यांच्या अणूंनी बनलेले एक कडे असून त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू बसविलेला असतो. फुप्फुसातील प्राणवायू धरून तो अंगभर पोचविण्याचे काम हे लोह करते. वनस्पतींच्या पानांतील हरितद्रव्यही अशाच कड्याचे बनलेले असते. तेथे मध्यभागी लोहाऐवजी मॅग्नेशियम असते. गाईच्या रक्ताचा रंग व तिच्या पुढ्यातील हिरव्या घासाचा रंग हे एका कुळातील भाऊबंद आहेत, ही गोष्ट पुढे घाणेरीच्या विषबाधेत उपयोगी पडणार आहे.

रक्तपेशी कायम टिकत नाहीत. माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, गाईची त्याहून काहीशी अधिक, सुमारे १३० ते १६० दिवस. चारशे किलो वजनाच्या गाईच्या अंगात साधारण २८ लिटर रक्त व त्यात सुमारे तीन किलो रक्तरंजक धरल्यास, रोज वीस ग्रॅम रक्तरंजक जुने होऊन मोडीत निघते व तितकेच नवे घडवावे लागते. या वीस ग्रॅमांत सुमारे ७० मिलिग्रॅम लोह असते. शरीर ते बहुतेक सर्व परत वापरते. कोणताही काटकसरी शेतकरी मोडलेल्या नांगराचा फाळ फेकून देत नाही, तसाच हा व्यवहार आहे.

ही मोडतोड मुख्यत्वे प्लीहेत, म्हणजे बोलीत जिला पाणथरी म्हणतात तिच्यात, तसेच यकृतात व अस्थिमज्जेत होते. तेथील भक्षक पेशी जीर्ण रक्तपेशी गिळतात. मग विकरांचे, म्हणजेच एन्झाइमांचे, काम सुरू होते. विकर हे शरीरातील कारागीर होत. प्रत्येकास एकच काम येते आणि ते तो स्वतः न झिजता पुन्हा पुन्हा करतो. पहिला कारागीर हीम ऑक्सिजनेज. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे टेनहुनेन, मार्व्हर व श्मिड या तिघा संशोधकांनी १९६८ साली त्याचे वर्णन केले. हा विकर प्राणवायूच्या साहाय्याने हीमचे कडे एका ठिकाणी उघडतो. त्यातून तीन वस्तू निघतात : लोह, अत्यल्प प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड हा वायू, आणि बिलिव्हर्डिन नावाचा हिरवा रंग. वायू श्वासावाटे बाहेर जातो आणि लोह पुन्हा कामास लागते. उरला हिरवा रंग. त्यावर बिलिव्हर्डिन रिडक्टेज हा दुसरा विकर काम करून त्याचे पिवळे बिलिरुबिन बनवितो.

हे सर्व पाहावयास प्रयोगशाळा लागत नाही. माणसास मुका मार लागला म्हणजे कातडीखाली साकळलेले रक्त आधी काळेनिळे दिसते, काही दिवसांनी त्याच्या कडा हिरवट होतात आणि शेवटी पिवळसर डाग राहून तो विरून जातो. वर सांगितलेल्या दोन्ही विकरांचे काम तेथे कातडीतून दिसत असते.

कोंबडीत हा मार्ग बहुतांशी हिरव्या रंगापाशीच थांबतो, म्हणून तिचे पित्त हिरवे असते. कोंबडीने खाणे सोडले की विष्ठा गडद हिरवी होते, त्याचे एक कारण हेच. राणीखेत रोगातही हिरवी हगवण दिसते, हे कुक्कुटपालकांनी ध्यानी ठेवावे. बदकाच्या अंड्याच्या कवचावरील निळसर हिरवी झाकही बिलिव्हर्डिनचीच, तर गावरान कोंबडीच्या अंड्याचा तपकिरी रंग हीमच्याच जातीच्या पण लोहरहित कड्याचा असतो.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी व मनुष्य यांच्यात मात्र पिवळे बिलिरुबिन तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन त्याची वाहतूक करून ते यकृतात आणून सोडते. तेथे ग्लुक्युरोनिल ट्रान्सफरेज हा तिसरा विकर त्यास साखरेपासून बनणाऱ्या एका आम्लाशी जोडतो आणि ते विद्राव्य होते. मग ते पित्तातून आतड्यात उतरते. आतड्यातील जीवाणू त्याचे युरोबिलिनोजेन करतात. यासाठी ते जो विकर वापरतात त्याची ओळख तर २०२४ साली पटली. युरोबिलिनोजेनपासून पुढे विष्ठेस तपकिरी रंग देणारे स्टर्कोबिलिन होते, आणि थोडा भाग रक्तात परत शोषला जाऊन मूत्रास नित्याचा पिवळेपणा देतो.

आता रोगाचा विचार करू. ही साखळी तीन ठिकाणी बिघडते. एक तर रक्तपेशी नेहमीपेक्षा फार अधिक फुटतात व यकृतास भार पेलत नाही. दुसरे, यकृतच आजारी होते. तिसरे, पित्ताची वाट तुंबते. तिन्हींत बिलिरुबिन रक्तात साठून कावीळ दिसते, पण उपचार तिन्हींचे निराळे. म्हणून कावीळ हे रोगाचे नाव समजू नये; ते लक्षण होय.

रक्तपेशी प्लीहेत न फुटता थेट रक्तप्रवाहात फुटल्या तर रक्तरंजक रक्तद्रवात मोकळे होते. हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन त्यास पकडून ठेवते. पण त्याचा साठा मर्यादित असतो. तो संपला की उरलेले रक्तरंजक मूत्रपिंडातून गळू लागते आणि मूत्र लाल, तपकिरी किंवा कॉफीसारखे होते. अर्थात यात मूत्रपिंडाची जखम नसते. उलट, गळणाऱ्या रक्तरंजकामुळेच पुढे मूत्रपिंडास इजा पोचते.

खरे रक्त व हे रक्तरंजक यांतील भेद शेतकऱ्यास घरी करता येतो. स्वच्छ काचेच्या बाटलीत मूत्र धरावे व न हलविता दोन-तीन तास ठेवावे. रक्त पडत असेल तर पेशी तळाशी बसून वरचे मूत्र बरेचसे निवळते. रक्तरंजक उतरले असेल तर वरपासून खालपर्यंत रंग तसाच राहतो. मूत्र गडद पिवळे असून हलविल्यावर फेसही पिवळा-हिरवा दिसला, तर विद्राव्य बिलिरुबिन मूत्रात उतरले आहे, म्हणजे दोष यकृतात किंवा पित्तमार्गात आहे, असा संशय घ्यावा. या परीक्षेने निदान पुरे होत नाही, व ती करण्यासाठी पशुवैद्यकास बोलावणे लांबवूही नये.

व्यायल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत येणारे लाल मूत्र बहुधा स्फुरदाच्या कमतरतेचे असते. म्हशीत ते गाभणकाळाच्या अखेरीसही आढळते. स्फुरद म्हटले की शेतकऱ्यास खताची गोण आठवते. पण जनावराच्या रक्तपेशीसही स्फुरद लागते. पेशीचे आवरण शाबूत ठेवण्यास जी ऊर्जा लागते ती स्फुरदयुक्त पदार्थांतून मिळते. स्फुरद घटले की आवरण ठिसूळ होऊन पेशी फुटतात. व्यायलेल्या म्हशीच्या दुधावाटे रोज बरेच स्फुरद बाहेर जाते, आणि पुढ्यात असतो केवळ कडबा, भाताचा पेंढा किंवा उसाचे वाढे. या सर्वांत स्फुरद अल्प असते. जमीन चुनखडीची असेल तर मातीतील स्फुरद बांधले जाते आणि पिकास, पर्यायाने चाऱ्यास, ते पुरेसे लाभत नाही. जमिनीचे दैन्य अशा रीतीने दावणीपर्यंत येऊन पोचते. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात तोडणीच्या हंगामात महिनेच्या महिने वाढ्यांवर जनावरे पोसली जातात. तेथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी याकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे.

या रोगात आरंभी ताप सहसा नसतो. पशुवैद्यक शिरेतून स्फुरदक्षाराचे द्रावण देतात व गुण लवकर येऊ लागतो; रक्त फार घटले असल्यास निरोगी जनावराचे रक्तही चढवावे लागते. स्फुरदाचे इंजेक्शन म्हणून मिळेल ती बाटली स्वतः टोचण्याचा मोह मात्र आवरावा. प्रतिबंध सोपा आहे. गव्हाचा कोंडा व पेंड यांत स्फुरद चांगले असते. त्यांच्या जोडीस दुभत्या जनावरास रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण गाभणकाळापासूनच द्यावे. दूध देणे थांबले की मिश्रणही थांबविण्याची चाल अनेक घरांत आहे, ती हिशोबाच्या दृष्टीने खोटी होय. भाकड काळात वाचविलेले पैसे म्हैस दगावल्यावर कित्येक पटींनी जातात.

तापासह लाल मूत्र आले तर गोचिडाकडे पाहावे. बबेसिया नावाचा सूक्ष्म परजीवी रक्तपेशीत शिरून वाढतो व पेशी फोडून बाहेर पडतो. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा रोग गोचीड पसरविते हे सिद्ध केले. कीटकवर्गीय प्राणी रोग वाहून नेतात याचा तो पशुरोगांतील पहिला भक्कम पुरावा मानला जातो. जनावरास ४० ते ४२ अंश सेल्सिअस ताप भरतो, मूत्र कॉफीसारखे होते, मागाहून डोळे पिवळे पडतात. वासरांपेक्षा मोठ्या जनावरांस हा रोग अधिक कडक येतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याचाच चुलतभाऊ थायलेरिया. संकरित गाईंचा तो मोठा शत्रू असून खिल्लार, गीर यांसारख्या देशी गाई त्यास बऱ्याच तोंड देतात. यात खांद्यापुढील व मांडीजवळील गाठी सुजतात, ताप राहतो, रक्त झपाट्याने घटते. मूत्र मात्र सहसा लाल होत नाही, कारण येथे पेशी बहुतांशी भक्षक पेशींकडूनच मोडल्या जातात. दोन्ही रोगांची औषधे निराळी आहेत, म्हणून कानाच्या टोकाचे रक्त काचपट्टीवर घेऊन तपासणे अवश्य. गोचिडेही निराळी. बबेसिया पसरविणारे गोचीड आपली सर्व वाढ जनावराच्या अंगावरच करते, तर थायलेरियाचे गोचीड अंगावरून उतरून गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत राहते. म्हणजे केवळ जनावरास औषध लावून दुसऱ्याचा नायनाट होत नाही. भेगा बुजवाव्यात व भिंतींवरही औषध फवारावे. गोचीड हाताने चिरडू नये. काही गोचिडांपासून माणसासही गंभीर आजार होतो.

आता कांदा. नाशिक, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांत भाव कोसळला की चाळीतील कांदा विकून वाहतूकखर्चही निघत नाही. मग तो गोठ्यात जातो. शेतकऱ्याचे दुःख यात समजण्यासारखे आहे. डोळ्यांदेखत कुजू देण्यापेक्षा जनावराने खाल्लेला बरा, असे कोणासही वाटेल. परंतु कांद्यात गंधकयुक्त संयुगे असतात. पोटात त्यांच्यापासून जे द्रव्य होते ते रक्तरंजकावर चढून त्यास नासविते. नासलेले रक्तरंजक गोळा होऊन पेशीच्या कडेस लहान गुठळीसारखे दिसते. त्यांस हाइन्झ पिंड म्हणतात. अशा पेशी प्लीहा दोषी ठरवून मोडते, काही वाटेतच फुटतात. काही दिवस भरपूर कांदा खाल्ल्यावर जनावर सुस्त होते, श्वासास व दुधास कांद्याचा वास येतो, डोळे पांढुरके पडतात आणि मूत्र लाल होते. गाईवर हा परिणाम अधिक होतो, शेळ्या-मेंढ्या तुलनेने टिकाव धरतात. शेळ्यांस काही झाले नाही म्हणून गाईसही होणार नाही, हा तर्क येथे घातक ठरतो. कांदा द्यावयाचाच असेल तर तो एकूण शुष्क खाद्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावा, चिरून व इतर चाऱ्यात मिसळून द्यावा, हळूहळू वाढवावा. गाभण जनावरास व वासरास देऊ नये. सडलेला, बुरशी आलेला कांदा कोणासही देऊ नये. बाजारातील उरलेला कोबी व मोहरीवर्गीय पाला मोठ्या प्रमाणात घातल्यासही असाच प्रकार घडतो.

मेंढपाळांनी द्राक्षबागांविषयी सावध असावे. बोर्डो मिश्रणातील मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. मेंढीचे यकृत तांबे साठवीत जाते व बाहेरून काहीच दिसत नाही. एखाद्या दिवशी ताण पडला की तो साठा एकदम रक्तात सुटून पेशी फुटतात, मेंढी एक-दोन दिवसांत पिवळी होऊन मरते. फवारलेल्या बागेत मेंढ्या बसवू नयेत, आणि गाईंसाठी बनविलेले तांबेयुक्त खाद्य वा खनिज मिश्रण मेंढ्यांस घालू नये.

यकृतच बिघडल्याचे ठळक उदाहरण म्हणजे घाणेरी, जिला काही भागांत टणटणी म्हणतात. हे झुडूप मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील. शोभेसाठी आणले गेले व माळरान बळकावून बसले. चारा असताना जनावर त्यास तोंड लावीत नाही. टंचाईत किंवा नव्या मुलुखात हिंडविलेले जनावर खाते. त्यातील विष यकृतातून पित्त बाहेर पडणे थांबविते. बिलिरुबिन तर साठतेच, पण त्याहून विशेष गोष्ट घडते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात हरितद्रव्यापासून फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ रोज बनतो व एरवी पित्तावाटे निमूट निघून जातो. वाट बंद झाल्यावर तो कातडीत पोचतो आणि सूर्यप्रकाश पडताच कातडी भाजल्यासारखी होते. चट्टेपट्टे असलेल्या गाईत पांढरे भाग सोलून निघतात, काळे शाबूत राहतात. हे चित्र एकदा पाहिलेला मनुष्य विसरत नाही. अशा जनावरास तत्काळ अंधाऱ्या गोठ्यात वा दाट सावलीत बांधावे, हिरवा चारा बंद करून वाळलेला द्यावा, पाणी भरपूर पाजावे व पशुवैद्यकास बोलवावे. पोटात उरलेल्या पाल्यातून विष शोषले जातच राहते, म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पाणथळ जागी चरणाऱ्या जनावरांच्या पित्तनलिकांत चपटे कृमी शिरतात, ते यकृत पोखरतात व वाट अडवितात. त्यात काविळीपेक्षा खंगणे व जबड्याखाली पाणी उतरणे हीच लक्षणे अधिक दिसतात.

कावीळ ओळखताना एक चूक वारंवार होते. गाईच्या अंगात हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीन साठते, म्हणून तिचे तूप व चरबी पिवळी असते. तो रोग नव्हे. म्हैस कॅरोटीनचे जीवनसत्त्व अ बनविते, म्हणून तिचे तूप पांढरे. काविळीसाठी डोळ्याचा पांढरा भाग, हिरड्या व मादीच्या योनिद्वाराची आतील त्वचा दिवसाच्या उजेडात पाहावी. काळ्या म्हशीत दुसरा उपायच नाही. खालची पापणी उलटून ती गुलाबी, पांढुरकी की पिवळी हे आठवड्यातून एकदा पाहण्याची सवय लावून घ्यावी.

माणसाच्या काविळीबद्दल येथे दोनच शब्द. मंत्र घालून हात चुन्याच्या पाण्यात धुविले की पाणी पिवळे होते व कावीळ उतरली असे दाखविले जाते. आधी हातास आंब्याच्या सालीचा रस चोळल्यास निरोगी माणसाच्या हातांनीही पाणी पिवळे होते. नवजात बालकाच्या यकृतातील तिसरा विकर पुरता कामास लागलेला नसतो, म्हणून पहिल्या आठवड्यात किंचित पिवळेपणा येऊन जातो. पण तो पहिल्याच दिवशी दिसला, तळपाय-तळहातांपर्यंत पोचला किंवा बाळ दूध पिईनासे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण साठलेले बिलिरुबिन मेंदूस कायमची इजा करते. इंग्लंडमधील रोचफर्ड येथील रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात प्रकाशाने बालकांचा पिवळेपणा उतरतो हे ध्यानी आले, आणि आज निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा उपचार सर्वत्र केला जातो.

लाल मूत्राचे जनावर दवाखान्यापर्यंत चालवीत नेऊ नये. रक्त घटल्याने हृदय आधीच जोराने धडधडत असते व थोड्या श्रमानेही ते कोसळते. सावलीत बांधून १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी दूरध्वनी करावा आणि तीन गोष्टी सांगाव्यात : जनावर केव्हा व्याले, ताप किती आहे, गेल्या पंधरवड्यात काय खाल्ले. लेप्टोस्पायरा या जीवाणूमुळेही वासरांत लाल मूत्र व कावीळ होते आणि तो मूत्रावाटे माणसास लागतो. यास्तव नमुना घेताना हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी वापरावी, हातास जखम असल्यास दुसऱ्याकडून घ्यावा, बाटलीवर दिनांक व वेळ लिहावी, आणि गोठ्यातील सांडलेल्या मूत्रावर चुना टाकून जागा कोरडी करावी.